आठवं नाव

हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. बारा वर्षं झाली.
सोमवारी बिंगो. बुधवारी पोरींचा नाच,
त्यांच्या टाचांनी लाकडी फरशीला पडलेले खळगे
मी मेण चोळून बुजवतो, त्या पुन्हा पाडतात.
गुरुवारी अट्रॅक्टा मॅकगोल्ड्रिक.

स्लायगोच्या पलीकडून येते, पन्नास किलोमीटर.
गाडीच्या टपावर वाळुंजाच्या काड्यांचे भारे
ओल्या गोणपाटात गुंडाळलेले,
जणू कुणा आजाऱ्याला हलवतेय.
मी दार उघडतो, हीटरच्या पेटीत नाणं टाकतो.
हीटर आधी नाणं गिळतो, मग विचार करतो.

ती म्हणते, आधी बूड.
सगळ्यांना कडी हवी असते, धरायला, मिरवायला.
बुडाशिवाय टोपली म्हणजे नुसती ऐट.
मॅलकी, निवृत्त पोस्टमन, मान डोलावतो
आणि टेबलाखाली गुपचूप कडी वळत बसतो.
रासा मासळीच्या कारखान्यातून थेट येते,
कितीही धुतली तरी बोटांना बांगड्याचा वास.
पण काडी तिच्या हातात अशी वळते
जसं हट्टी पोर एका मावशीचंच ऐकतं.
युनिस दर आठवड्याला तीच ओळ उसवते.
नवरा गेल्यापासून
पुरं झालेलं काही तिला घरी न्यायचं नाही.
हे ती म्हणत नाही. मला वाटतं.
मी झाडू घेऊन दाराशी उभा असतो,
दाराशी माणसाला बरंच दिसतं.

कौन्सिलचा नियम असा:
आठ सह्या, तर वर्ग. सात, तर दिवे बंद.

नोव्हेंबरात एकदा रस्त्यावर पाणी चढलं.
सातच आले.
अट्रॅक्टाने वहीतली नावं दोनदा मोजली,
मोजल्याने वाढतात का पाहायला.
मग माझ्याकडे बघितलं.
झाडूकडे नाही, माझ्याकडे.
"तुझं नाव कसं लिहायचं रे?"

बारा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
गावात 'किल्लीवाला' एवढ्यावर भागतं.
फाख्त्ना, मी म्हटलं, आणि वही पुढे ओढून
स्वतःच लिहिलं. हात जरा अवघडला.
"बस," ती म्हणाली. "बूड."

काड्या रात्रभर भिजलेल्या,
तरी माझ्याशी जन्माचं वैर असल्यासारख्या.
एक पुढून, एक मागून, मग अदलाबदल.
हे तिने सांगितलं नाही, माझी बोटं धरून करवलं.
तिचा अंगठा चिरांनी भरलेला,
आमच्या जुन्या कानशीइतका खरखरीत.
नऊ वाजेपर्यंत माझं बूड झालं,
आणि टेबलावर ठेवलं तर डुगडुगलं.
बिघडलं, मी म्हटलं.
"टेबल वाकडं आहे," ती म्हणाली.
टेबल मी बसवलंय. पाणसळ लावून.
मी काही बोललो नाही.

सगळे गेले. ती थांबली,
आम्हाला दाखवायला विणलेली तिची टोपली
भराभरा उसवून काड्या पुन्हा बांधू लागली.
पुढच्या गुरुवारी लागतील ना.
सोळा वर्षं हेच.
घरी किती टोपल्या असतील तुझ्या? मी विचारलं.
ती नुसती हसली.
भारा गाडीपर्यंत पोचवायला गेलो
तर मागच्या सीटवर
प्लॅस्टिकच्या पिशवीत दूध, बटाटे, मांजराचं खाणं.

पाणी ओसरलं. आता आठजण असतात, कधी नऊ.
माझ्या सहीवाचून काही अडत नाही.
मी करतो.
बाजू उभ्या राहिल्यात वीतभर, कडी अजून लांब आहे.

परवा नाचाची बाई रागावली,
फरशीवर काड्यांचे तुकडे, पोरी घसरतील,
इथे झाडायला कुणी आहे की नाही?
बघतो, म्हटलं.