फक्त ओठ

मढचा बंगला, दुसरा मजला.
सासूच्या भूमिकेत रेमेडिया कुटिन्हो :
नऊवारी, चिकटवलेली टिकली,
पदराआड गुडघ्याला क्रेप बँडेज.

प्रसंग : सासू नातवाला अंगाई गाते.
गाणं आधीच रेकॉर्ड होऊन आलंय,
कुण्या बावीस वर्षांच्या मुलीच्या आवाजात.
"मॅडम, तुम्ही फक्त ओठ हलवा."

मी बूम धरून उभा.
हिच्यासारखे केस कापले म्हणून
भांडुपला ताईने मार खाल्ला होता,
चाळभर ऐकू जाईल असा.

ती ओठ हलवते. चोख.
श्वाससुद्धा त्या मुलीच्याच जागी घेते.
पण गाणं संपल्यावर, कटच्या आधी,
माझ्या हेडफोनमध्ये
खर्जातला एक हुंकार, लांबत गेलेला.
पोर खरंच झोपलं होतं.

"कसला आवाज रे?"
खालचा फ्रिज असेल, सर.