स्वर्गातला खोकला

इथे सगळ्यात वरच्या गॅलरीला स्वर्ग म्हणतात.
तिकीट सर्वांत स्वस्त. बसायला काही नाही,
एक पितळी कठडा तेवढा,
पिढ्यान्‌पिढ्यांच्या कोपरांनी गुळगुळीत झालेला.
लिफ्ट खालच्या मजल्यांपुरतीच.
दिवसभर मी या शहराच्या लिफ्ट दुरुस्त करतो
आणि स्वर्गात मात्र पायी चढतो.

जुलै. ब्युनोस आयरिसचा ओला, हाडांत शिरणारा हिवाळा.
आठवडाभर एका जुन्या इमारतीत
लिफ्टच्या विहिरीत उतरलो होतो:
साठ वर्षांची धूळ, ग्रीस, मेलेली कबुतरं.
त्यातलं काहीतरी माझ्या छातीत मुक्कामाला आलं.

तरी गेलो. चार तास रांग.
रांगेत नेहमीचे सगळे.
नोटरीकडचा कारकून एव्हारिस्तो,
जो प्रत्येक गायिकेला आधीचीशी ताडून बघतो
आणि आधीचीला तिच्या आधीचीशी.
दोघी बहिणी, एकमेकींशी अबोला,
पण उभ्या राहणार शेजारी-शेजारीच.
आणि दोन्या ओदिलिया. वय विचारायचं नाही.
खांद्याला कापडी पिशवी, पायात पुरुषी बूट.

पहिल्या दोन अंकांत काही झालं नाही.
म्हणजे स्टेजवर पुष्कळ झालं,
लग्न मोडलं, घर विकलं, पत्र भलत्याच हाती पडलं.
माझ्या छातीत काही झालं नाही, असं म्हणायचंय.

मग तिसरा अंक.
खाली, फार खाली, काडेपेटीएवढ्या खोलीत ती पलंगावर.
कथेच्या हिशेबाने तिची फुफ्फुसं संपलेली.
व्हायोलिनं एकेक करत बाजूला झाली.
उरली एक बासरी, आणि ती.
सूर इतका बारीक
की कान नव्हे, मानेवरचे केस ऐकत होते.
एवढं मोठं थिएटर, आणि एक खुर्ची कुरकुरत नाही.

आणि इथे, घशाच्या तळाशी,
एक मुंगी चालू लागली.

गिळलं. पुन्हा गिळलं.
डोळ्यांत पाणी.
एव्हारिस्तोला वाटलं मी रडतोय,
त्याने आदराने मान डोलावली.
मी मनात केबली मोजल्या, पुल्या मोजल्या,
आईने शिकवलेल्या झाडून सगळ्या संतांना हाक मारली.
मुंगीची घोरपड झाली.
काय उफराटा न्याय:
जिला मरायचंय तिच्याकडे
घुमट भरून उरेल एवढा श्वास,
आणि ज्याला उद्या सातला कामावर जायचंय
त्याच्याकडे चिमूटभर नाही.
दार मागे होतं, पण त्याची बिजागरी करकरते.
धंद्यातला माणूस मी, हे आधीच हेरून ठेवलेलं.
स्वर्ग दोन बोटं उरला म्हणतात,
तो असा उरतो.

तेवढ्यात अंधारात कुणीतरी
माझी मूठ उघडून तीत काही ठेवलं.
हरभऱ्याहून मोठं. गुळगुळीत. उघडं.
कागद नाही, चुरचुर नाही.
मध. निलगिरी.

ती मेली. पडदा पडला.
टाळ्यांच्या त्या कडकडाटात मी मनसोक्त खोकलो,
आठवड्याचं सगळं येणं वसूल केलं.
शेजारी दोन्या ओदिलिया टाळ्या वाजवत होत्या,
नजर खालीच, फुलं वेचणाऱ्या त्या ठिपक्यावर.
"कागद मी घरीच काढते," म्हणाल्या, "दुपारी.
आठ गोळ्या, रुमालात.
चार माझ्या, चार ज्याला लागतील त्याला.
एकसष्ट साली माझ्या हातातला कागद वाजला होता.
ऐन इथे, याच जागेला.
सगळा स्वर्ग वळून माझ्याकडे बघत होता."
एवढं बोलून त्या पुन्हा ओरडल्या, ब्राव्हा,
एखाद्या बोटीच्या भोंग्यासारख्या.

जिन्यात एव्हारिस्तोने गाठलंच.
तो शेवटचा सूर, म्हणाला, कसा वाटला?
मागच्या खेपेची जास्त उजळ होती की नाही?
मला सूर आठवेना.
जिभेवर हळूहळू काही विरघळत होतं, एवढंच आठवत होतं.
म्हणालो, मधाचा होता. थोडा निलगिरीचा.

दोन मजले तो गप्प उतरला.
मग म्हणाला, हो,
खरं आहे.