पदनाम

गुडघ्याचा एमआरआय ट्यूबलाइटसमोर धरून
कंपूतल्या डॉक्टरांनी विचारलं, करतेस काय?
मी म्हटलं, रग्बी.
ते म्हणाले, ते कळलं. पण करतेस काय?

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्यासोबत
थाटीपूरपर्यंत टेम्पोत बसून येतो.
भाडं मात्र मीच देते.

शेवटचा टॅकल चुकला नव्हता माझा,
एवढं सांगून ठेवते.
समोरची पडली, चेंडू सुटला,
आणि मग आत कुठंतरी
पापड मोडल्यासारखा आवाज.

मग अर्ज.
जिममध्ये रिसेप्शनवर बसाल का, चेहरा हसरा हवा.
शाळेत पीटी टीचर, पण झुंबा येतो का?
जर्सीवाला म्हणाला, लेडीज साइज आम्ही ठेवतच नाही,
घेणार कोण?
मी म्हटलं, तेच विचारायला आलेय,
विकायला मला ठेवता का?
एका क्लबाला हवा होता
सामन्यांचे व्हिडिओ कापणारा.
शब्दाच्या शेवटचा 'रा' मी नीट वाचला,
तरी अर्ज टाकला.
उत्तर आलं नाही.
मिळाला असेल त्यांना त्यांचा 'रा'.

आई नया बाजारच्या दुकानासाठी
रजयांच्या खोळी शिवते. नगाला तीस.
माझा खेळ तिला एवढाच कळलाय,
की चेंडू पुढं फेकायचा नाही,
मागून येणारीच्या हाती द्यायचा,
आणि तरी सगळ्यांनी मिळून पुढं सरकायचं.
"आमच्या एकत्र घरासारखं," म्हणाली एकदा.
मग सुईत दोरा ओवून झाल्यावर,
"फक्त तिथं पुढं कुणी सरकत नव्हतं."

जानेवारीत मुरारच्या मैदानावर मुलींचं शिबिर.
धुक्यात गोलपोस्टचा नुसता वरचा अर्धा भाग.
तोमर मॅडम फोनवर कुणाला तरी ओरडत होत्या,
एका टॅकल बॅगचे नऊ हजार? आत काय काजू भरलेत?
मी घरी येऊन सहज सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आई मैदानावर,
शालीवरून टेप गळ्यात.
फाटक्या बॅगेचं माप घेतलं तिनं
नवरीच्या ब्लाउजचं घ्यावं तसं. घेर, उंची, खांदा नाही.
विचारलं, "दिवसाला किती जणी धडकतात हिला?"
"चाळीस."
"मग दुहेरी शिवण."

ताडपत्री, फोमचे तुकडे, जुन्या रजयांचा कापूस.
सहा बॅगा.
आमच्या घरात रग्बीचा पहिला चेक आला
तो आईच्या नावानं,
जिनं आजवर एक सामना पाहिलेला नाही.
खरं सांगते, दोन दिवस मी बोलले नाही तिच्याशी.
तिसऱ्या दिवशी चार नंबरची बॅग भिंतीला टेकवली
आणि चांगल्या गुडघ्याच्या बाजूनं
जीव खाऊन आदळले.
शिवण हलली नाही.
आतून आवाज आला, "चहा टाकू?"

फेब्रुवारीत पंचांचा कोर्स केला.
मधे पळायला अजून परवानगी नाही,
म्हणून कडेची रेषा मिळाली.
रेषा सरळ असते, बरंय,
माझ्या गुडघ्याला वळणंच तेवढी खुपतात.
चौदा वर्षांखालच्या मुली, जिल्ह्याचे सामने,
हातात झेंडा. तोही आईनंच दुमडून शिवलेला.
एक पोर रेषेबाहेर पडली, उठली, चिडून म्हणाली,
"दीदी, पाय आत होता!"
नव्हता. मी झेंडा खाली घेतला नाही.
सहा महिन्यांत पहिल्यांदा मला
कुणी काही विचारलं नाही, सुनावलं.

संध्याकाळी व्हाउचर.
रुपये चारशे फक्त. पदनाम: लाइनमन.
मी पेन घेतलं, 'मन' खोडलं.
कारकून चष्म्यावरून बघत राहिला,
"मॅडम, मन खोडून कसं चालेल?"
"मग एवढी जागा मोकळी ठेवा," म्हटलं,
"पुढच्या सामन्याला शब्द घेऊन येते."

घरी आल्यावर त्यातले तीस
मशीनच्या खणात ठेवले, झेंड्याचे.
आईनं नोट उलटसुलट पाहिली,
नको म्हणाली नाही.
नगाला तीस. दर ठरलेला आहे.