पोटाचा कानोसा

डायिंगच्या पाइपातून वाफ सुटली तेव्हा
राजमणी येमुल टॉवेलांची गाठोडी मोजत होती.
पाठ, दोन्ही हात, मान.
पोटावर एक फोडही नाही,
पोट जसंच्या तसं, बाळंतपणाच्या जुन्या रेघांसकट.

तरी पोट बंद.
मी स्टेथोस्कोप ठेवतो बेंबीच्या उजव्या अंगाला,
घड्याळ बघून, पूर्ण दोन मिनिटं.
पूर्व भागात लाइट गेली की
गल्लीतले माग एकदम थांबतात
आणि तेव्हा कळतं, इतका वेळ आवाज होता.
तसं.

आतड्यांचं रक्त काढून
शरीरानं हृदयाला दिलंय, मेंदूला दिलंय.
मूत्रपिंडांवरच्या दोन इवल्या टोप्या
ओततायत अ‍ॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल, रात्रंदिवस,
जणू वाफ अजून सुटतेच आहे
आणि ती पळतेच आहे, कॉटवर पडल्यापडल्या.
नाडी एकशे अडतीस.
मांडीचं मांस झिजून साखर होतेय,
साखर रक्तात हिंडतेय दारोदार,
कुणी आत घेत नाही.

"हिला शुगर कधी लागली?" भूमय्या विचारतो.
"आमच्यात कुणालाच नाही."
म्हणालो, भीतीची साखर आहे ही, उतरेल.
असं कुठल्या पुस्तकात नाही.
त्यानं मान डोलावली.

नाकातल्या नळीतून दूध, अंड्यातलं पांढरं, जरा तेल,
तासाला वीस मिली.
उपाशी आतड्याचं अस्तर विरतं,
विरल्या जागेतून आतलेच जंतू रक्तात शिरतात.
विरणं त्याला समजावावं लागलं नाही,
पंचवीस वर्षं टॉवेल विणलेत.
सिरिंज धरतो माझ्यापेक्षा नीट.

चौथ्या रात्री, तीनच्या सुमारास,
वाटलं बेसिनचा नळ गळतोय.
मग पुन्हा. खोल. गुर्र.
थांबून, पुन्हा.
तिनं डोळे उघडले. "आकली," म्हणाली.

मी बार्शीचा. तेलुगू एवढंच येतं,
या वॉर्डानं शिकवलेलं:
नीळ्ळु म्हणजे पाणी, मंट म्हणजे आगआग,
आकली म्हणजे भूक.
पहिले दोन रोज ऐकतो.

चार्टवर लिहिलं, आतड्याचा आवाज: आहे.
नाडी अजून एकशे तीस.
हे पळणं थांबायला वर्ष लागेल, दोन लागतील,
कातडी भरून आल्यावरही.

कॉटखाली भूमय्या झोपला होता.
त्याच्याही पोटातून आवाज येत होता,
स्टेथोस्कोप न लावता ऐकू येईल एवढा.
कालपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं.