दोन बोटं खाली

शनिवारी सकाळी सातला डुलूथच्या कॉलेजमागचं
रिकामं पार्किंग. सरोवरावरून येणारा वारा
मे असूनही हाडं मोजत जाणारा.
बारा जुन्या गाड्या, अडीचशे सीसीच्या,
प्रत्येकीच्या टाकीवर कुणाच्या तरी पडण्याचा पोचा.
मला सातवी मिळाली. आरसा नवा होता,
म्हणजे जुना फुटला होता.

मारित लेहतिनेन, आमची शिक्षिका,
एकतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त,
म्हणाली, "पहिला तास इंजिन बंद.
एकमेकांना ढकला."
मला टीगनं ढकललं. वय एकोणीस, पिझ्झा पोचवतो.
मग मी त्याला ढकललं, आणि दोघांनाही घाम फुटला.

फॉर्मवर मी लिहिलं होतं: नर्स.
कुठल्या विभागात, ते लिहिलं नव्हतं.
सोळा उन्हाळे रात्रपाळीला मी कात्री चालवली आहे
जाड चामड्यातून, मनगटापासून मानेपर्यंत,
आणि शुद्धीवर आल्यावर कितीजणांनी
पायाआधी जॅकेटची चौकशी केली.
दुकानात स्वतःसाठी घेताना
दुकानदार कोपराच्या पॅडचं कौतुक करत होता,
मी शिवण चाचपत होते:
इथून नाही, इथून कापलं जाईल.

क्लच सोडताना मधे एक जागा येते,
नाण्याच्या जाडीएवढी.
तिथं गाडी जागी होते, पण निघत नाही.
"ती सापडली की निम्मं काम झालं," मारित म्हणाली.
माझी अकरा वेळा बंद पडली.
मोजलं मी, सवयीनं.

"शंकूकडे बघाल तर शंकूवरच जाल.
नजर जाईल तिकडे चाक."
मला तर वाईटाकडे बघायचाच पगार मिळतो:
रक्त कुठून येतंय, कुठलं बुबुळ मोठं झालंय.
मी शंकू पाडला.
उभा करून पुन्हा तोच पाडला.
मारितनं माझी हनुवटी धरली,
बसमधल्या रडक्या पोराची धरावी तशी,
आणि वळवली: "तिकडे. त्या पिवळ्या कचराकुंडीकडे."
गाडी वळली.
कचराकुंडी इतकी देखणी असते
हे मला तोवर माहीत नव्हतं.

रविवारी ऑर्विल नापास झाला.
चाळीस वर्षं बिनपरवाना हिंडलेला,
जेवणाच्या सुट्टीत आम्हा सगळ्यांना
साखळीला तेल कसं द्यायचं ते शिकवणारा.
आखलेल्या चौकटीत आठचा आकडा काढताना
दोनदा पाय टेकला, रेघ ओलांडली.
निकाल ऐकून त्यानं हातमोजे नीट घडी करून
हेल्मेटमध्ये ठेवले.
टीगनं त्याला अर्धं सँडविच दिलं.
तो आला होता स्वतःच्या गाडीवर.
परत कसा जाणार, हे विचारायचं मारित टाळत होती,
मग टाळता येईना.
"किल्ली दे, ऑर्विल. मी सोडते."

जूनमध्ये किनाऱ्याच्या रस्त्यावर
समोरून आलेल्या अनोळखी माणसानं
डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवली.
माझा डावा हात क्लचमध्ये अडकलेला.
पुढचा मैलभर मी चुटपुटत राहिले,
दारी आलेल्याला या म्हणायचं राहिल्यासारखी.
दुसऱ्याला जमलं. तिसऱ्याला मी जरा जास्तच केलं,
गाडी डगमगली.

टू हार्बर्सच्या पेट्रोल पंपावर सात-आठजण उभे होते.
एकानं विचारलं, "नवीन?"
"सहा आठवडे."
तो न विचारता वाकला, माझं टायर अंगठ्यानं दाबलं,
म्हणाला, हवा कमी आहे.
वाकताना त्याचा उजवा गुडघा वळत नव्हता.
जॅकेटची उजवी बाही मनगटापासून मानेपर्यंत
फिक्या दोऱ्यानं शिवलेली होती.
त्याला माझा चेहरा आठवायचं कारण नव्हतं.
मी हवा भरली. पैसे त्यानंच दिले.

शिवण कोपरापाशी जरा वाकडी आहे.
त्या रात्री मी घाईत होते.