मागचा आवाज

पत्रात लिहिलं होतं : तीस सेकंद.
नाव सांगा, गाव सांगा,
तुम्ही कोण ते एका वाक्यात सांगा.
पारंपरिक वेश असल्यास उत्तम.
मागचा आवाज काढून टाका.

आता त्यांना कुणी सांगावं
की अशोक चौकामागच्या आमच्या बोळात
मागचा आणि मागाचा
यांत एका कान्याचाच फरक आहे.
सहा माग आमच्या खालच्या मजल्यावर,
चार समोर चिलवेरींकडे,
खटक फटक, खटक फटक,
जन्मले तेव्हाही चालूच होते म्हणे,
सुईणीला दोनदा विचारावं लागलं : पोरगी का?

गच्चीवर आम्ही चौघं.
रेवण बिराजदार धोतर विसरला, म्हणजे मुद्दाम विसरला.
आफरीन प्रॅक्टिकलवरून थेट आली,
ॲप्रनवर आयोडीनचा डाग.
सुमेध म्हणाला, माझा पारंपरिक वेश कुठला बे?
पणज्याला जो घालू दिला नाही, तो?
आम्ही हसलो.
मग जरा वेळ टाकीतलं पाणी तेवढं वाजत राहिलं.

एका वाक्यात मी.
आई विड्या मोजते तेलुगूत, ओकटी, रेंडू, मूडू,
पानं भिजकी दिली म्हणून कारखानदाराशी भांडते मराठीत,
शेजारच्या मल्लम्माकाकूंना विचारते, ऊट आतेन?
आणि टीव्हीतल्या रडणाऱ्या सुनेला
हिंदीतून समजावते.
यातलं कुठलं वाक्य पाठवू?
मी स्वतः पाढे तेलुगूत म्हणते, शिव्या कन्नडमधून देते
(त्या रेवणनं शिकवल्या, अर्थ अजून सांगितलेला नाही),
आणि आफरीनच्या भावाला
विजापूर रोडला खोली का मिळाली नाही
हे आम्हा चौघांनाही कळतं,
कुठल्याच भाषेत न बोलता.

करंट जाऊ दे, रेवण म्हणाला, मग शूट करू.
बसलो वाट बघत. एप्रिल. चप्पल काढली तर पाय भाजेल असली गच्ची.
तीन वाजून दहा मिनिटांनी गेला.
दहाच्या दहा माग एका दमात थांबले.
अप्पा दारात आले, भुवयांवर कापसाची भुकटी,
आभाळाकडे बघितलं त्यांनी,
जणू बटण तिथं होतं.
तीन घरं पलीकडची कुकरची शिटी ऐकू आली.
सुमेधनं मोबाईल धरला. हं, बोल की.
आफरीन म्हणाली, मी आफरीन बागवान,
आणि थांबली.
मीही थांबले.
एवढ्या शांततेत आम्हाला
बोलायची सवयच नव्हती.

सुमेधनं रेकॉर्डिंग बंद केलं नाही.
सत्ताविसाव्या सेकंदाला करंट आला,
खाली पोरं ओरडली, माग सुटले,
आणि आफरीन खळखळून काहीतरी म्हणाली
जे कुणालाच ऐकू येत नाही.
तेच पाठवलं.

आता नकाशावर ठिपके दिसतात.
एकसष्ट जणांनी बघितलं.
दोन नैरोबीत, एक लिथुआनियात,
एक लिमात. तिथं तेव्हा पहाटेचे चार.
लिमातल्या ठिपक्या,
झोप येत नव्हती का तुला?
कोण आहेस, एका वाक्यात नको सांगूस.
तुझ्या बाथरूममधला टॉवेल जरा उलटा कर,
काठाजवळ एखादा धागा सुटलेला असेल,
आमचा असेल, नसेलही,
लेबलावर आमच्या गावाचं नाव बहुतेक नसतंच.
खेचू नकोस फक्त, उसवत जातो.

आणि आफरीन काय म्हणाली
असं तू खाली विचारलंयस.
तिला आता आठवत नाही.
मला आठवतं, पण ते मागांच्या आवाजातच सांगता येईल,
जवळ येऊन, ओरडून.
तुमच्याकडे करंट आला की
पोरं काय ओरडतात?