वाक्यात उपयोग करा

पाचवीच्या सहामाहीत प्रश्न होता :
'पाणी सोडणे' – अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा.
मी लिहिलं, आमचे अप्पा
दर अकराव्या दिवशी तळगल्लीला पाणी सोडतात.
कोरेगावकडच्या गुरुजींनी लाल फुली मारली,
बाजूला बारीक अक्षरात : आशा सोडून देणे.

अर्धा मार्क तरी द्यायला हवा होता.

जतच्या पुढं, जिथं एसटीची पाटी
एका बाजूनं मराठी, एका बाजूनं कानडी,
तिथं अप्पा पंचायतीचे व्हॉल्व्हमन.
चावी म्हणजे माझ्या खांद्याएवढा लोखंडी टी,
दाराआड उभा, न बोलणाऱ्या पाहुण्यासारखा.
दसऱ्याला आई त्याला हळदकुंकू वाहायची,
एरवी त्यावर टॉवेल वाळत घालायची.

वरच्या गल्लीला नऊ फेरे, वीस मिनिटं.
देवळामागं सात, कारण उतार आहे.
तळगल्लीला पुरा व्हॉल्व्ह उघडला तरी
आधी नुसती हवा,
नळ खोकायचे,
मग गढूळ,
मग कुणीतरी ओरडायचं : नीर बंतू!
आणि चाळीस घागरी एकदम दगडावर.

आमचं घर तळगल्लीतच. शेवटून तिसरं.
पाणी सोडणाऱ्याच्या घरी
रांजण भरलेला असणार, असं सगळ्यांनाच वाटायचं.
निंबव्वा तर एकदा आत येऊन
झाकण उचलून बघून गेली.
काही बोलली नाही.
संध्याकाळी मूठभर शेंगा पाठवल्या.

पाच मिनिटं जास्तीचे दोनशे
कुणी ना कुणी देऊ करायचं.
घेतले का? एकदा घेतले असावेत.
माझ्या चष्म्याची काच त्याच आठवड्यात बदलली.
मी विचारलं नाही.

त्या एप्रिलात दस्तगीरचाचा गेले,
गल्लीच्या अगदी टोकाला.
पाळीला चार दिवस होते.
मयताला अंघोळ घालायला
घरात दीड घागर, त्यातली अर्धी पिण्याची.
अप्पांनी भर दुपारी चावी खांद्यावर टाकली.

नळ खोकले, आणि गल्ली जागी झाली.
बायका पदर खोचून धावल्या,
रडायला बसलेल्यासुद्धा उठल्या.
आधी त्या घरची बादली भरू दिली, हे खरं.
मग मयताच्या दारातल्या नळाला रांग लागली,
भांडण झालं, हलक्या आवाजात,
कुणी कुणाचा हंडा पायानं सरकवला.
आत चाचांना शेवटचं पाणी घालत होते,
बाहेर आमचं हे.
चौथी घागर माझी होती.

पंचायतीचं पत्र आलं :
पाळी सोडून पाणी सोडले,
सबब तीन दिवसांची मजुरी कपात.
अप्पांनी घडी घालून ते
चावीशेजारच्या खिळ्याला अडकवलं.
अजून आहे. कडा पिवळ्या झाल्यात.

आता मी सांगलीत, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
होस्टेलात कुणी नळ गळता ठेवला
तर मला झोप लागत नाही,
उठून बंद करून येते. मुली हसतात.

परवा अप्पा आले. आयर्विन पुलावर नेलं त्यांना.
खाली कृष्णा, दोन्ही काठ भरून,
खांबावर फुटांचे आकडे.
मी सांगितलं, आकडा चढला की
इथली माणसं सामान माडीवर नेतात.
त्यांनी आकडे खालून वर वाचले,
पुन्हा वरून खाली.
हाच का आपला जिल्हा, असलं काही म्हणाले नाहीत.
कठड्यावरून वाकून, अगदी कामाच्या आवाजात :
ह्याची चावी कुणाकडं असती?

कणसं भाजणारा हसला. मीही हसले.
अप्पा हसत नव्हते.
कठड्यावर बोट टेकवून
फेरे मोजत होते.